'रांगेत आम्हीही होतो' म्हणणाऱ्या मराठी अमेरिकन नागरिकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन सरकारला जे लिहायचं ते इंग्रजीत लिहून झालं आहे आणि त्याची छापील नमुन्यातली उत्तरंही आली आहेत. हे पत्र तुम्हाला आहे. नव्वदीत किंवा दोन हजारच्या आगेमागे जे इथे आले, ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं, पुढे पाच वर्षांनी शपथ घेऊन जे नागरिक झाले आणि आज आपल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीवर, विश्वस्त मंडळावर आणि अधिवेशनांच्या पुढच्या खुर्च्यांवर आहेत, त्या सगळ्या काका-काकू, दादा-वहिनींना.

निमित्त सांगते. गेल्या गणपतीच्या आधी मी आमच्या मंडळाकडे एक विनंती केली होती. ग्रीन कार्डाच्या बॅकलॉगबद्दल, म्हणजे तुंबलेल्या रांगेबद्दल, आपल्या भागातल्या काँग्रेसमनला (इथल्या खासदाराला) एक निवेदन द्यावं, मंडळाच्या नावाने, आणि त्यावर सह्या मतदार असलेल्या सभासदांच्या असाव्यात. मसुदाही मीच लिहून दिला होता. कार्यकारिणीने ठरवलं, 'मंडळ राजकारणात पडत नाही.' इथवर ठीक होतं. पण मग व्हॉट्सअॅपवर एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, 'रांगेत आम्हीही होतो. पेशन्स ठेवा,' आणि पुढे हात जोडलेली इमोजी. त्याखाली अंगठ्यांची जी रीघ लागली ती बघून हे पत्र लिहायला बसले. मी गप्प बसले असते तर ते वाक्य खरं ठरलं असतं, आणि ते खरं नाही.

तुम्ही ज्या रांगेत होतात ती ही रांग नव्हे.

कायदा मात्र तोच आहे. १९९० च्या इमिग्रेशन अॅक्टने नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठरवली आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, असा नियम केला. आइसलँडला सात टक्के, भारतालाही सात टक्के. या आकड्यात बायको, नवरा, मुलं सगळी धरलेली. म्हणजे ईबी-टूमध्ये, उच्च पदवीवाल्यांच्या गटात, भारताच्या वाट्याला हक्काची येतात वर्षाला २,८०३ कार्डं. चार जणांच्या कुटुंबांत वाटली तर सातशे घरं. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २५ कोटींच्या आत होती, २०२० च्या जनगणनेत ती ३३ कोटी झाली. १ लाख ४० हजार मात्र तिथेच.

मग तुम्हाला कार्ड इतक्या लवकर कसं मिळालं? तेव्हा भारतातून अर्ज कमी होते, हे एक. पण दुसरं कारण सोयीस्कर विसरलं जातं. २००० साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एसी-ट्वेंटीवन नावाचा कायदा केला. आधीच्या दोन वर्षांत वाया गेलेली सुमारे १ लाख ३० हजार कार्डं त्याने परत वापरात आणली. सहा वर्षं संपली तरी एच-वन हा नोकरीचा व्हिसा वाढवून मिळण्याची सोय त्यानेच केली. अर्ज अडकलेला असताना नोकरी बदलायची मुभाही त्यातलीच. त्यामुळे २००१ ते २००४ च्या दरम्यान तारखांची भानगडच नव्हती, सगळं 'करंट'. लेबर, म्हणजे कामगार खात्याचं प्रमाणपत्र, मंजूर झालं की पुढचा अर्ज भरायचा. वाय-टू-केच्या लाटेत आलेल्या आपल्या मंडळींपैकी किती जणांची कार्डं त्या चार वर्षांतली आहेत, हे तुमच्या तेव्हाच्या कार्डावरच्या 'रेसिडेंट सिन्स'च्या तारखा आठवल्या तर कळेल. पेशन्सचं फळ म्हणून तुम्ही जे दाखवता ते एका कायद्याचं फळ आहे. आणि तो कायदा व्हावा म्हणून कुणीतरी काँग्रेसमध्ये खेटे घातले होते.

आता आमच्याकडे बघा. २०१० मध्ये मी नवरा आणि चार वर्षांच्या लेकीसह एमएसला आले. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पूल तपासते, जुन्या पुलांच्या दुरुस्तीची डिझाइनं करते. तुम्ही न्यू जर्सीत रोज ज्या ओव्हरपासखालून जाता, त्यातल्या काहींच्या बेअरिंगखाली टॉर्च घेऊन मी झोपलेली आहे. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, मार्च २०१६ ची. कंपनीने माझ्यासाठी भरलेलं आय-१४० केव्हाच मंजूर झालं, म्हणजे ही बाई इथे राहायला लायक आहे, तिची इथे गरज आहे, हे सरकारने लेखी मान्य केलं आहे. फक्त नंबर नाही. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली हे सांगणाऱ्या सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये ऑक्टोबर २०२५ ला ईबी-टू भारताची तारीख होती १ एप्रिल २०१३. बारा वर्षांपूर्वीची!

बरं, ही तारीख दर महिन्याला एक महिना पुढे सरकते असं समजू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १ डिसेंबर २०१४ ला पोचली होती. आमच्यासारख्यांनी लसीकरणाचे कागद काढून ठेवले, अर्जाला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीसाठी सिव्हिल सर्जनची अपॉइंटमेंट कुणाकडे लवकर मिळते याच्या चौकशा केल्या. डिसेंबरात तारीख आली ८ ऑक्टोबर २०११ वर. तीन महिन्यांत तीन वर्षं मागे. रेशनच्या दुकानातही माल संपला तर उद्या या म्हणतात, पण रांगेतल्या माणसाला उचलून गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवत नाहीत. २०२० मध्ये काँग्रेसच्याच संशोधन सेवेने गणित मांडलं होतं, की असंच चालू राहिलं तर तेव्हा ईबी-टूमध्ये नव्याने शिरणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षं थांबावं लागेल. १९५ वर्षं पेशन्स ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या अंगठेवाल्यांनी मला समजावून सांगावं.

आणि रांग म्हणाल तर ती अर्ज केल्याच्या क्रमाने आहे असंही नाही. ती जन्मस्थळाने आहे, नागरिकत्वानेसुद्धा नाही. माझ्या ओळखीतला एक मुलगा, आईवडील दोघं चिपळूणचे, घरात बोलणं मराठी, पासपोर्ट भारताचा. वडील नोकरीला मस्कतला होते म्हणून जन्म मस्कतचा. त्याचा अर्ज ओमानच्या खात्यात गेला आणि माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी अर्ज करून आज त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्याच्यामुळे रत्नागिरीत जन्मलेल्या त्याच्या बायकोकडेही. त्याचा मला जराही हेवा नाही. पण आमच्या दोघांच्या लायकीत फरक काय तर एका प्रसूतिगृहाचा पत्ता.

आता तुमच्याबद्दलच्या माझ्या तक्रारी. सरकारबद्दलच्या नव्हेत, तुमच्याबद्दलच्या.

पहिली तक्रार मुलांची, कारण तीच सगळ्यात मोठी आहे. माझी लेक आता विशीच्या उंबरठ्यावर आहे. किंडरगार्टनपासून इथेच शिकली. मंडळाच्या नाट्यछटा स्पर्धेत तिने बक्षीस घेतलं तेव्हा तुमच्यापैकीच कुणीतरी तिचा गालगुच्चा घेऊन 'आपली मुलगी' म्हणालं होतं. या आपल्या मुलीला हायस्कूलात उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करता आलं नाही, कारण एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, मुलांना एक डॉलरही कमवायची परवानगी नाही. वर्गातल्या मैत्रिणी पगाराचा पहिला चेक दाखवत होत्या आणि ही 'मला कंटाळा येतो गं' म्हणून वेळ मारून नेत होती. कॉलेजला सरकारी मदतीचा फॉर्म भरून उपयोग नाही. इंटर्नशिप नाही. ड्रायव्हिंग लायसन्सही आमच्या व्हिसाच्या मुदतीपुरतंच मिळतं, त्यामुळे दर थोड्या वर्षांनी कागदांची थैली घेऊन तिला पुन्हा त्या काउंटरवर जावं लागतं आणि काउंटरवरची बाई आय-७९७ हा मंजुरीचा कागद पहिल्यांदाच बघत असल्यासारखी उलटसुलट करते.

एकविसाव्या वाढदिवसाला ती 'एज आउट' होईल. माझ्या अर्जातून तिचं नाव जाईल. मग एफ-वन, म्हणजे इथे शिकायला आलेली परदेशी विद्यार्थिनी. एफ-वनसाठी तिने दाखवायचं, की शिक्षण संपलं की मायदेशी परत जायचा तिचा इरादा आहे. मिरजेला ती आजवर सुट्टीपुरती गेलेली आहे. रिक्षावाल्याशी ती बोलते ते मराठी ऐकून तो भाडं वाढवतो.

लहानपणी कागदपत्रांशिवाय इथे आलेल्या मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या 'डाका' योजनेतही ही मुलं बसत नाहीत, कारण त्यात अट होती की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसावं. ज्यांच्या आईबापांनी प्रत्येक कागद वेळेवर भरला, ती मुलं त्यातून बाद. डाकातल्या मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांचे हाल आमच्याहून वाईट आहेत. पण नियम पाळण्याची ही शिक्षा कुठल्या न्यायात बसते? चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट २००२ पासून आहे. त्यात मुलांचं वय थोडं गोठवता येतं, पण तारीख करंट झाली तर. फेब्रुवारी २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने हे वय बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी पुढच्या तारखा असलेल्या तक्त्यावरून मोजायला सुरुवात केली, बऱ्याच घरांना त्यामुळे श्वास मिळाला. १५ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत काढून पुन्हा मागच्या तक्त्यावर आणलं. याची बातमी आमच्या ग्रुपवर टाकली त्या दिवशी तिथे मोदकांच्या ऑर्डरी चालू होत्या. एकाही नागरिक सभासदाने 'हे काय आहे?' असं साधं विचारलंसुद्धा नाही.

दुसरी तक्रार 'हल्लीचे लोक' या शब्दांची. 'आमच्या वेळी खरे हुशार लोक यायचे, हल्ली कन्सल्टन्सीवाले भरतात.' हे वाक्य मी पॉटलकमध्ये हातात वरणभाताची प्लेट धरून ऐकलेलं आहे, आणि म्हणणारे गृहस्थ स्वतः एका कन्सल्टन्सीतूनच आले होते. एच-वनचा गैरवापर होतो, हे मला मान्य. लॉटरीत एकाच माणसाचे चार-चार अर्ज टाकणारे होते, पगार कापणारे आहेत. त्यांच्यावर जरूर कारवाई व्हावी. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन अर्जावर एक लाख डॉलर फीचं फर्मान निघालं, त्या शुक्रवारी रात्री सुट्टीवर भारतात गेलेली माणसं मिळेल त्या तिकिटाने परत फिरत होती. फी फक्त नव्या अर्जांना आहे हे शनिवारी स्पष्ट झालं, तोवर कुणाला काही कळत नव्हतं. त्या रात्री आपल्यापैकी एकाने लिहिलं, 'बरं झालं, क्वालिटी सुधारेल.' तुमच्या वेळी ही फी असती तर आज तुम्ही कुठल्या शहरात असता, याचा विचार करून बघा. मी करून बघितला आहे, तुमच्या वतीने.

तिसरी तक्रार कामाची. मंडळाची कामं कोण करतं? आमच्याकडे रविवारची मराठी शाळा जवळजवळ पूर्णपणे एच-फोरवरच्या बायकांच्या जिवावर चालते. त्यातली एक एमकॉम, एक फिजिओथेरपिस्ट, एक पुण्यात वकिली केलेली. या बायका घरी बसून आहेत, कारण नवऱ्याचं आय-१४० अजून झालेलं नाही, त्यामुळे त्यांना ईएडी म्हणजे कामाचा परवाना नाही. शाळेत त्या फुकट शिकवतात आणि तुमची नातवंडं 'अ अननसाचा' शिकतात. पाचशे माणसांच्या पंगतीला वाढायला, मखर बांधायला, ढोल उचलायला हीच मंडळी. वर्षअखेरीला व्यासपीठावर 'आमचे उत्साही तरुण कार्यकर्ते' म्हणून टाळ्या मिळतात. या तरुण कार्यकर्त्यांतल्या बऱ्याच जणांनी चाळिशी ओलांडली आहे.

माझा नवरा स्वतः एच-फोरवर आहे. घरात एच-वन बायकोचा, हे सांगितल्यावर काही काकांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. २०१५ च्या नियमामुळे त्याला ईएडी मिळालं आणि घराचं दुसरं चाक फिरलं. पण ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला ईएडी नूतनीकरणाची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. आता जुनं कार्ड संपायच्या आत नवं हातात पडलं नाही तर त्या दिवसापासून नोकरी थांबवायची. त्याच्या ऑफिसला कळवून ठेवलं आहे, 'कदाचित मध्येच येणं बंद होईल.' असा कर्मचारी कोण ठेवेल, आणि किती दिवस?

माझी स्वतःची बढती गेली तीही यातच. डिझाइनवरून प्रोजेक्ट मॅनेजर झाले तर कामाचं स्वरूप बदलतं, मग लेबर पुन्हा पहिल्यापासून. वर्षा-दीड वर्षाचं काम आणि वकिलाचा खर्च. कंपनी म्हणाली, 'तारीख जवळ आली की बघू.' माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आता माझ्या टाइमशीटवर सही करतो. चांगला आहे बिचारा.

लेऑफ झाला तर साठ दिवस. साठ दिवसांत नवी नोकरी, नवा एच-वन अर्ज, नाहीतर घर विकून, मुलांना शाळेतून काढून निघायचं. २०२३ मध्ये कॅनडाने इथल्या एच-वनवाल्यांसाठी दहा हजार वर्क परमिट काढले तेव्हा दोन दिवसही लागले नाहीत, कोटा भरला. हे लोक काही बर्फाच्या ओढीने निघाले नव्हते.

आणि जाणं-येणं. पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली की एकदा देशाबाहेर पडल्यावर नवा स्टॅम्प घेतल्याशिवाय परत येता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला इथल्या इथे स्टॅम्पिंगचा प्रयोग झाला, वीस हजार अर्जांचा, तो तिथेच थांबला. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बहुतेकांना बंद आणि तिसऱ्या देशात जाऊन शिक्का मारून घेण्याची वाटही बंद. डिसेंबरात सोशल मीडिया तपासणीचा नियम एच-वन, एच-फोरला लागू झाला आणि भारतातल्या अपॉइंटमेंट एका फटक्यात काही महिने पुढे गेल्या. लग्नाला गेलेले लोक अडकले. इथे मुलांच्या शाळा, तिथे आईबाप, मध्ये एक ईमेल. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. मी व्हिडिओवर होते. आई म्हणाली, 'येऊ नकोस, अडकशील.' तिला 'डोमिसाइल' म्हणजे काय ते नीट सांगता येत नाही, पण 'स्टॅम्पिंग' मात्र पाठ झालं आहे.

एक गोष्ट मान्य करते. आमचं दुःख पोटभर जेवणाऱ्यांचं आहे. पगार आहे, घर आहे, गाडी आहे. वाळवंटातून पायी आलेल्या माणसापुढे आमची गाऱ्हाणी काहीच नाहीत. 'एवढं असेल तर परत जा' असंही ऐकवलं जातं, आणि जाणारे गेलेतही. बाणेर-बालेवाडीत असे कितीतरी संसार आहेत आणि ते सुखात आहेत. पण परत जाण्याचा निर्णय लेक चार वर्षांची असताना घेणं वेगळं आणि तिचं अर्धं कॉलेज झाल्यावर घेणं वेगळं. आम्हाला दरवर्षी 'आता हलेल' असं वाटत राहिलं, कारण २०१९ मध्ये काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, हाउसने, देशवार मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचंच वेगळं रूप एकमताने मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसायच्या आत सत्र संपलं आणि विधेयक मेलं. इतक्या जवळ आलेलं काम सुटलं तेव्हा आपली मंडळं झूमवर दिवाळी पहाटेची रेकॉर्डिंगं बघत होती.

तुम्ही म्हणाल, आमच्या चार फोनांनी काय होणार आहे? यावर मला २००७ ची आठवण करून द्यायची आहे, कारण ती तुमच्याच पिढीची गोष्ट आहे. त्या वर्षी जुलैच्या बुलेटिनमध्ये सगळ्या तारखा करंट दाखवल्या. लोकांनी रात्री जागून कागद जमवले, मेडिकल केली, काहींनी भारतातून बायकोला तातडीने बोलावून घेतलं. २ जुलैला खात्याने सांगितलं, नंबर संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा आपल्याच लोकांनी खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी. गांधीगिरी तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होती. संचालकांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. सोबत खटल्याची तयारी होती, काँग्रेसच्या सदस्यांचा दबाव होता. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि महिनाभर अर्ज घेतले. त्या उन्हाळ्यात अर्ज भरलेले, त्या जोरावर ईएडी आणि अॅडव्हान्स परोल (देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) मिळालेले कितीतरी जण आज आपल्या मंडळात आहेत. काहींच्या घरी मी जेवलेही आहे. फुलं पाठवताना तुम्ही राजकारण करत नव्हतात, आणि आता एका पत्रावर सही केली की राजकारण?

मागण्या सांगते. कठीण एकही नाही.

दरवर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला काँग्रेसमन किंवा त्यांच्या ऑफिसातलं कुणीतरी येतं. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. यापुढे शाल घालण्याआधी त्यांना व्यासपीठावरच विचारा, की मुलांना एज आउटपासून वाचवणाऱ्या अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्टला तुमचा पाठिंबा आहे का. २०२१ पासून हे विधेयक दोन्ही पक्षांच्या सह्यांनी येत आलं आहे, त्यामुळे पक्षाची अडचण सांगू नका. उत्तर मंडळाच्या मासिकात छापा. 'बघतो' म्हणाले तर 'बघतो' असंच छापा.

ज्यांना मत आहे त्यांनी आपल्या दोन सिनेटरांच्या आणि एका काँग्रेसमनच्या ऑफिसात वर्षातून दोनदा फोन करा. आमच्या फोनला ते पिनकोड विचारतात, मग मतदार आहात का विचारतात, आणि मग आवाज थंड होतो. तुमच्या फोनची नोंद होते. मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढले. म्हणजे हाउसमध्ये ज्याच्याशी मराठीत बोलता येईल असा माणूस बसलेला आहे. मिशिगनच्या मंडळींनी तरी संकोच का करावा?

मागायचं काय, तेही नीट मागू या. देशवार मर्यादा काढा एवढंच म्हटलं की बाकी देशांतले लोक म्हणतात, मग आम्ही वर्षानुवर्षं थांबायचं का, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. कार्डं तेवढीच ठेवून वाटणी बदलली तर एकाचं दुःख दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून आधी दोन गोष्टी मागा. १ लाख ४० हजारांत बायकामुलं मोजू नका, फक्त मूळ अर्जदार मोजा. निम्म्याच्या आसपास कार्डं कुटुंबीयांवर खर्च होतात, एवढ्यानेच रांग दुप्पट वेगाने हलेल. आणि वाया गेलेली कार्डं परत आणा. सप्टेंबर २०२१ अखेर एकाच वर्षात ६० हजारांहून जास्त कार्डं नुसती खात्याला काम उरकलं नाही म्हणून रद्द झाली. २००० साली ती परत आणता आली, तुमच्यासाठी. तेच पुन्हा करायचं आहे.

दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात निवृत्तीच्या गुंतवणुकीवर सत्र असतं, वधूवर मेळावा असतो, वाइन आणि साहित्य यावरही मी एक सत्र ऐकलेलं आहे. एक तास या विषयाला द्या. वकील आम्ही आणतो, हॉलच्या मागे उभं राहायचीही आमची तयारी आहे.

मराठी शाळेच्या शिक्षिकांना मानधन देता येत नाही, तो कायदा आहे, तो मोडा असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यातल्या एकीला पुढच्या कार्यकारिणीत घ्या. मत देता येत नसलं तरी मंडळाच्या सभेत हात वर करता येतो.

आणि 'रांगेत आम्हीही होतो' हे वाक्य कृपया बंद करा. नव्या आलेल्या जोडप्याशी बोलताना त्यांची प्रायॉरिटी डेट विचारा, मग बुलेटिन उघडून बघा. तुमच्या फोनवर एका मिनिटाचं काम आहे.

तो निवेदनाचा मसुदा अजून माझ्याकडे आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीला मी तो पुन्हा आणणार आहे, पेनासकट. नागरिक असलेल्या पंचवीस सभासदांच्या सह्या झाल्या तरी तो मंडळाच्या नावाशिवायही पाठवता येतो. बैठकीची तारीख चिटणीसांनी ग्रुपवर कळवावी, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक वार्षिक वर्गणीदार सभासद
न्यू जर्सी